क्रापोदीन, लिस्वार आणि दौंडचे काका

चाळीस पानांच्या अनुवादातली पहिली वीस पाठवली, ती परत आली. सोबत दोनच ओळी: मजकूर कळतो, पण हे इंग्रजी आमच्या वर्कशॉपमधलं नाही.

काम होतं एका फ्रेंच मालवाघिणीच्या देखभालीच्या पुस्तिकेचं, फ्रेंचमधून इंग्रजीत. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले त्याला आता बारा वर्षं झाली. करारपत्रं आणि औषधांची माहितीपत्रकं यांवर माझं बरं चालतं, पण रेल्वे पहिल्यांदाच हातात आली होती. शब्द अडला की नेटवर शोधायचा आणि पहिला सापडेल तो ठोकून द्यायचा, असा सपाटा लावला होता मी. सापडायचे बहुतेक अमेरिकन शब्द. बोगीला मी ट्रक लिहिलं, रुळांखालच्या स्लीपरला टाय, आणि ‘तोंबरो’ला गोंडोला. गिऱ्हाईक ब्रिटनमधलं. तिथल्या फिटरच्या डोळ्यांपुढे व्हेनिसची होडी आली असेल तर त्याची काय चूक?

तोंबरो म्हणजे मुळात मागे कलंडून माल ओतायची गाडी. आज डंपरलाही फ्रेंच लोक तोच शब्द वापरतात. पण रुळांवरचा तोंबरो कलंडत नाही. तो उंच कडांचा उघडा डबा, ब्रिटिश इंग्रजीत साधा ‘ओपन वॅगन’. युआयसी, म्हणजे १९२२ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटना, तिच्या वर्गीकरणात त्याचं अक्षर ‘ई’. बंदिस्त डबा ‘जी’, टाक्या ‘झेड’. ही अक्षरं कळल्यावर निम्मा घोळ मिटला, कारण भाषा कुठलीही असो, डब्यावर रंगवलेलं अक्षर तेच असतं.

उरलेला निम्मा घोळ होता डब्याच्या खाली. ‘फ्यूझे’ला शब्दकोश म्हणतो रॉकेट. ‘मनॉत’ला हातकड्या. ‘साबो’ला लाकडी खडावा. ‘लिस्वार’ला गुळगुळीत करायचं हत्यार. आणि ‘क्रापोदीन’ तर ‘क्रापो’ म्हणजे बेडकाच्या घरातला शब्द. रॉकेट, हातकड्या, खडावा आणि बेडूक घेऊन मी आठवडाभर बसले.

शेवटी आईनं आठवण करून दिली की खालच्या मजल्यावरचे काका दौंडला रेल्वेत होते. कॅरेज अँड वॅगनमध्ये, टीएक्सआर, म्हणजे ट्रेन एक्झामिनर. म्हणजे गाडी सुटण्याआधी एकेक डबा वाकून तपासणारा माणूस. मी आकृत्यांचे कागद घेऊन खाली गेले. फ्रेंचचा गंध नसलेल्या काकांनी चष्मा पुसला, पेन्सिल मागितली आणि बाणांच्या टोकांशी भराभर लिहायला लागले. क्रापोदीनच्या बाणापाशी ‘सेंटर पिव्हट’. लिस्वारपाशी ‘साइड बेअरर’. “डब्याचा भार या पिव्हटवर, आणि डबा डुलला की बाजूच्या बेअररनी सावरायचं. पण अगं, तू बोगी म्हणजे डबा समजतेस ना? सगळे तसंच समजतात. बोगी म्हणजे खालची चाकांची गाडी.” रॉकेट निघालं ‘जर्नल’, आसाचं ते टोक जे बेअरिंगमध्ये फिरतं. हातकड्या म्हणजे स्प्रिंगच्या शॅकल, ती अडकवायच्या कड्या. खडावा म्हणजे ब्रेक ब्लॉकचा आधार.

हे सगळं काकांच्या तोंडी आयुष्यभर बसलेलं इंग्रजी, आणि ते ब्रिटिशांनी इथे ठेवलेलं. डब्याच्या चौकटीच्या लांब बाजूच्या तुळईला अमेरिकन पुस्तकांत ‘साइड सिल’ असतं, तिथे काका ‘सोलबार’ म्हणतात. ब्रिटनमधल्या वर्कशॉपला हेच हवं होतं, आणि मी ते सोडून अमेरिकेला जाऊन आले होते.

दोन चुका मात्र निव्वळ माझ्या. ‘त्रावेर्स’ म्हणजे रुळांखालचा स्लीपर, हे पाठ झालेलं. म्हणून ‘त्रावेर्स द तेत’ला मी ‘डोक्याकडचा स्लीपर’ असं काहीतरी लिहिलं होतं. ती असते चौकटीच्या टोकाची आडवी तुळई, जिला बफर आणि आकडा बसवतात: हेडस्टॉक. दुसरी चूक सांगायलाही लाज वाटते. ‘रेफॉर्मे’ वाघिणींचे सुटे भाग वापरावेत, असं एक वाक्य होतं. मी ‘सुधारित वाघिणी’ केलं. काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “सुधारल्यावर कशाला उचकटायच्या? कंडेम असेल ते.” कंडेमच होतं, म्हणजे मोडीत काढलेल्या वाघिणी.

वाय २५ जातीच्या बोगीवरचं प्रकरण मी स्वतः सोडवलं, एवढं समाधान आहे. ठळक अक्षरांत ‘आनो लन्वार’ असं शीर्षक होतं. ‘आनो’ म्हणजे कडं, ‘न्वार’ म्हणजे काळा, आणि सगळीच अक्षरं कॅपिटल, त्यामुळे ‘काळं कडं’ असं घसरता घसरता थांबले. लन्वार हे आडनाव निघालं. इंग्रजीतही ‘लन्वार लिंक’च म्हणतात. तिरक्या बसलेल्या या दुव्यामुळे डब्याचा थोडा भार घर्षणाकडे वळतो, आणि ओझं जितकं जास्त तितका हिसका जास्त आवरला जातो. हे कळल्यावर त्या प्रकरणातली वाक्यं आपोआप सुटी झाली.

वीस पानं पुन्हा केली, उरलेली वीस त्याच सुरात केली, आणि या वेळी काही परत आलं नाही. जाता जाता काकांनी विचारलं, “आपण वाघीण म्हणतो, ते लोक काय म्हणतात?” म्हटलं, “वागों.” ते बराच वेळ हसत होते.

पुढचं काम टाक्यांचं आलंय. काका म्हणाले, त्यातलं मला धड येत नाही, मनमाडकडचा कुणीतरी बघ.