मयत की हयात

आफ्रिकेतल्या मलावी देशात कुणाच्या अंगणात शिरताना ‘ओदी, ओदी’ अशी हाक द्यायची आणि आतून ‘ओदीनी’ आलं की मगच पाऊल पुढं टाकायचं. जुलै 2018 च्या शेवटच्या आठवड्यात फालोम्बे जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी अशी हाक दिली, तर उत्तराआधी वास आला. तुरीच्या वाळल्या शेंगांचा. मी औसा तालुक्यातली. हा वास मला झोपेतही कळेल.

म्हातारी ओसरीवर बसून काठीनं शेंगा झोडपत होती. मागं भिंतीला तीन पोती टेकवलेली होती, ती मागच्या वर्षीची. एका पोत्याच्या शिवणीतून भुंगे बाहेर येत होते. उशाला मुलांजेचा डोंगर, त्याच्यावर ढग, आणि तिथून येणारा गार वारा. थंडीतल्या त्या भुरभुर पावसाला नि वाऱ्याला तिथं ‘चिपेरोनी’ म्हणतात. मी स्वेटर घालूनही कुडकुडत होते. अंगणातली पाच पोरं उघड्या पायांनी फिरत होती.

आमची संस्था लहानशी. त्या वर्षी एका देणगीदारानं चाळीस मुलांचा शाळेचा खर्च उचलला होता: गणवेश, दहा वह्या, पेनं, साबण. मलावीत प्राथमिक शाळेची फी 1994 पासून माफ आहे, पण फाटक्या कपड्यातलं पोर आणि वही नसलेलं पोर चार दिवस वर्गात बसतं नि पाचव्या दिवशी शेळ्यांमागं जातं. सप्टेंबरमध्ये शाळा उघडायच्या आत याद्या पक्क्या करायच्या होत्या. अट एकच होती. आईवडील दोघंही वारलेले हवेत. अर्जावर दोन रकाने, आई आणि वडील, आणि प्रत्येकात दोन चौकटी: मयत, हयात. मयत असेल तर दाखला, नाहीतर गावच्या मुखियाचं शिक्क्याचं पत्र.

यादीतलं सतरावं नाव या म्हातारीच्या नातवाचं होतं. वय अकरा.

आईचा रकाना लगेच भरला. ती 2010 साली गेली. धाकटं बाळ पोटात असताना खंगायला लागली, बाळही राहिलं नाही. गावानं आजाराचं नाव घेतलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला रक्ताचे आकडे न बघता जन्मभराची औषधं सुरू करायची, असं मलावीनं ठरवलं. जगात पहिल्यांदा.

मग वडील. म्हातारी म्हणाली, “जोनीला.”

जोनी म्हणजे जोहान्सबर्ग. या भागातून माणसं तिकडं पिढ्यान् पिढ्या जातायत. आधी खाणींत करारानं जायची. ती भरती 1980 च्या दशकाच्या अखेरीस थांबली, जाणं थांबलं नाही. आता बागकाम करायला, बांधकामावर, कसंही जातात. जो जातो नि परतत नाही, कळवतही नाही, त्याला इथं वेगळा शब्द आहे: ‘माचोना’. ज्या गोष्टीला वेगळा शब्द लागतो ती गावात किती घरांत घडली असेल, ते समजून घ्यावं. या मुलाच्या बापाचा शेवटचा फोन 2013 चा.

तो होता घरजावई. आपल्याकडं हा शब्द जरा हसून म्हणतात; तिथं तीच रीत आहे. नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो, पोरं आईच्या कुळाची, आणि त्यांच्यावर हक्क नि जबाबदारी मामाची. आपला मामा शिकरण-पोळीचा, तिथला मामा निर्णयाचा. या पोराचा मामा मात्र बायकोच्या गावी, दोन दिवसांच्या वाटेवर, स्वतःच घरजावई.

गावाची मुखिया बाईच होती. ती आणि अनाथ मुलांचं बघणाऱ्या गाव समितीतल्या चौघीजणी आमच्याबरोबर आल्या होत्या. माझ्या पेनाचं टोक चौकटीवर अडलेलं बघून मुखियाबाई म्हणाल्या, “मी लिहून देते. शिक्का पिशवीतच आहे.”

“काय लिहून देणार?” म्हातारीनं काठी खाली ठेवली.

“जावई वारला म्हणून.”

“कधी वारला? कुणी पुरला? माझ्या घरचं मैत झालं आणि गाव रडायला आलं नाही, असं कधी झालंय?”

कुणी काही बोलेना. माझा सहकारी शब्द न् शब्द मला सांगत होता, तोही थांबला. मग म्हातारी माझ्याकडं वळली. “उद्या तो दारात येऊन म्हणाला, ‘आई, मला कशापायी मारलंत?’ तर काय सांगू? वह्यांपायी?”

समितीतल्या बायका खुदकन हसल्या. मुखियाबाईही. शिक्का पिशवीतून बाहेर आलाच नाही.

पोरगा ओसरीच्या खांबाला टेकून सगळं ऐकत होता. त्याला बापाचा नंबर पाठ होता. इंग्रजी आकड्यांत, एका दमात, पाढे म्हणावेत तसा त्यानं म्हणून दाखवला. मी माझ्या फोनवरून लावला. पलीकडं ध्वनिमुद्रित बाई बोलायला लागली. मी फोन कानाशी धरून काय सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, “ती बाई तेच म्हणते.” आणि शेंगा उचलायला गेला.

खरं तर या घराला आमची गरज 2016 पर्यंत नव्हती. मक्यात तूर लावायची, एप्रिल-मेमध्ये मका निघाला की तूर उभी ठेवायची, आणि ती विकून पाचही पोरांचे कपडे करायचे. तिथं तुरीला ‘नांदोलो’ म्हणतात. थोडी घरी शिजते, अख्खीच, सालासकट. बाकी व्यापारी नेतो आणि ती जाते भारतात. 5 ऑगस्ट 2017 ला आपल्या सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. व्यापारी फिरकेनात. मागची ती तीन पोती तेव्हाचीच.

मी भारतीय, म्हणजे ‘म्वेन्ये’, हे कळल्यावर म्हातारीनं विचारलं, “तुमच्या लोकांनी नांदोलो खाणं सोडलं का?”

याचं उत्तर माझ्याइतकं त्या जिल्ह्यात कुणाला ठाऊक असणार? 2017 च्या उन्हाळ्यात माझे वडील खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरखाली झोपत होते. बारदाना नाही, म्हणून माप बंद. हमीभाव 5,050 रुपये क्विंटल आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. बाहेरची तूर कशाला आणता म्हणून आमचंच गाव बोंबलत होतं, आणि मीही फोनवर वडिलांना म्हटलं होतं, बंद करायला पाहिजे. आता ती बंद झालेली तूर माझ्यासमोर भुंगे पोखरत होते. हे चिचेवात, तिथल्या भाषेत, कसं सांगायचं? मी एवढंच म्हणाले, “आमच्याकडंही फार पिकली.”

“मग चांगलंच की,” ती म्हणाली.

निघताना तिनं नव्या तुरीची एक पुरचुंडी माझ्या हातात दिली. पैसे देऊ केले तर रागावली. पाहुण्याला कुणी विकतं का? ब्लँटायर शहरात मी ती अख्खीच शिजवली, कढीपत्ता नव्हता. रात्री वडिलांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, “तिथं काय भाव चालू आहे?” मी म्हटलं, गिऱ्हाईकच नाही. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग पावसाचं बोलायला लागले.

वडिलांच्या रकान्यात मी दोन्ही चौकटी मोकळ्या ठेवून बाजूला ‘ठावठिकाणा नाही’ असं लिहिलं होतं. कार्यालयातून अर्ज परत आला. चौकट मोकळी चालत नाही. त्याच्या जागी दुसरं नाव गेलं, आणि तसे अर्ज आणखी सहा होते.

सप्टेंबरमध्ये वाटप झालं. शाळेच्या आवारात आंब्याखाली चाळीस पिशव्या मांडल्या. नाव घेतलं की मूल यायचं, पिशवी घ्यायचं, अंगठा किंवा सही. मग पलीकडं समितीतल्या दोघीजणी चितेंजे पसरून बसल्या होत्या, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात ते कापड. प्रत्येक मूल तिथं थांबून पिशवीतल्या दोन वह्या काढून कापडावर ठेवायचं. कुणी त्यांना मोठ्यानं सांगितलं नव्हतं. आदल्या रात्री घरोघर ठरलं होतं. साबणाच्या वड्याही दोऱ्यानं कापून अर्ध्या केलेल्या दिसल्या. मला कुणी विचारलं नाही, आणि माझ्याकडं कुणी बघितलंही नाही.

चाळीसावं नाव झाल्यावर कडेला उभी असलेली सात मुलं कापडाशी गेली. अकरा वर्षांचा तो पोरगा चौथा होता. त्यानं वह्या मोजून घेतल्या.

रजिस्टर माझ्या मांडीवर होतं. 40 मुलं, प्रत्येकी 10 वह्या, एकूण 400. बेरीज बरोबर होती. मी खाली सही केली.