ओळंब्यात न बसणारं काम

आमच्या घरात देवळांच्या शिखरांवर सिमेंटची नक्षी काढायचं काम पिढीजात. पुण्यात धायरीला शेड टाकली तेव्हाही शिखरं, नंदी, वेशीच्या कमानी हेच करत होतो. मग मुळशीकडचे एक शेतघरवाले म्हणाले, "भिंत सरळ नको, मागच्या डोंगरासारखी वळत जाऊ द्या." तिथून धंदा बदलला, अशाच वळणदार भिंती करू लागलो.

पंचाईत झाली ती माणसांची. जन्मभर ओळंबा धरलेल्या गवंड्याला भिंत मुद्दाम वाकडी करायला सांगितली, तर तो साहजिकच चिडतो. शेवटी गणपती घडवणारी पोरं हाताशी घेतली. त्यांना नकाशा लागत नाही, मातीचा लहान नमुना पुरतो.

अहमदाबादची गुफा, म्हणजे तिथलं जमिनीखालचं गुहेसारखं कलादालन, मी आमच्या पोरांना मुद्दाम दाखवली. ती उभारणारे वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी जन्मानं पुण्याचेच, १९२७ सालचे. तारेची जाळी आणि सिमेंटच्या मसाल्याची पातळ कवचं, आणि तीही साध्या हत्यारांनी आदिवासी मजुरांनी केलेली. हे बघितल्यावर पोरांची भीड चेपली.

आमचीही रीत हीच, जाळीत सिमेंट भरायची, म्हणजे फेरोसिमेंटची. आधी सळ्यांचा सांगाडा वाकवायचा, त्यावर वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली तारांची जाळी, मग कोंबडीजाळी, सगळं बाइंडिंग वायरनं गच्च. एक भाग सिमेंटला दोन भाग वाळू, पाणी बेताचं. माल जाळीत अंगठ्यानं दाबून भरावा लागतो, कारण पोकळी राहिली तर जाळी आतून गंजते. कवच जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचं, त्यामुळे उन्हाळ्यात लगेच सुकतं. ओलं गोणपाट हटू द्यायचं नाही, यावर मी साइटवर सर्वांत जास्त ओरडतो.

गिऱ्हाईक मात्र भाळतं रंगावर. सिमेंट अल्कधर्मी, प्रशियन निळा त्यात टिकत नाही. लाल, पिवळ्याला आम्ही लोह ऑक्साइड वापरतो, हिरव्याला क्रोमियम ऑक्साइड, आणि रंग खुलायला पांढरं सिमेंट. गुलाबी-जांभळा हवाच असेल तर वरून ॲक्रिलिक मारतो. तो काही वर्षांनी पुन्हा मारावा लागेल, हे कोटेशनमध्येच लिहून देतो.

भावाची घासाघीस अजून संपलेली नाही. बिल्डर जमिनीच्या चौरस फुटावर दर मागतात, आम्ही जाळीचं क्षेत्रफळ मोजतो. वळणावळणाच्या भिंतीत ते कितीतरी जास्त भरतं. बंगलेवाल्यांना टेप धरून दाखवलं की पटतं. बिल्डरांची कामं म्हणूनच आमच्याकडे फारशी नाहीत.