सेलिग्मनचे स्नो कॅप

ग्रँड कॅनियन पाहून लास व्हेगासकडे मोटारीने निघालेले बहुतेक प्रवासी इंटरस्टेट ४० धरतात आणि वाटेतले सेलिग्मन हे ॲरिझोनातील छोटेसे गाव न पाहताच पुढे निघून जातात. आम्ही मात्र महामार्ग सोडून मुद्दाम आत वळलो, कारण 'डेल्गाडियोज स्नो कॅप' या उपाहारगृहात थांबायचे, हे प्रवासाचा बेत आखतानाच ठरले होते. रूट ६६ या जुन्या महामार्गाविषयी आस्था असलेल्या माणसांकडून या जागेचे नाव मी इतक्या वेळा ऐकले होते की, ते टाळून पुढे जाणे मला शक्यच नव्हते.

हे उपाहारगृह हुआन डेल्गाडियो यांनी १९५३ साली उभारले, आणि त्यासाठी बरेचसे लाकूड सांता फे रेल्वेच्या आवारातील भंगारातून आणले. बाहेर १९३६ सालची एक शेव्हरोले उभी आहे. तिचे छप्पर हुआन यांनी कापून टाकले आणि गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यासाठी तिला नाना परींनी सजवले. भडक रंगांच्या पाट्यांवर जे लिहिले आहे ते सावकाश वाचावे लागते. 'माफ करा, आम्ही उघडे आहोत' असे एक पाटी सांगते, तर खाद्यपदार्थांच्या यादीत 'मेलेली कोंबडी' आणि 'चीज घातलेला चीजबर्गर' हे पदार्थ अत्यंत गंभीरपणे नोंदवलेले आहेत.

खरी गंमत दारापाशी सुरू होते. दाराला दोन्ही कडांना मुठी आहेत आणि त्यांपैकी एक निव्वळ फसवी आहे. माझे सासरे शिस्तीचे आणि मितभाषी गृहस्थ. त्यांनी नेमकी तीच मूठ धरली, ओढली, मग ढकलली, आणि दार बंद असावे असे समजून ते मागे वळले, तेव्हा बाकावर बसलेल्या एका आजीबाईंनी हसत दुसऱ्या मुठीकडे बोट दाखवले. आत खिडकीपाशी मागणी नोंदवून झाल्यावर पलीकडच्या माणसाने 'मस्टर्ड हवे का?' असे अदबीने विचारले आणि होकार मिळताच बाटली थेट त्यांच्या सदऱ्यावर रोखून दाबली. सासरे दचकून मागे सरकले. बाटलीतून आली होती ती नुसती पिवळी दोरी! ती त्यांनी बोटांत धरून नीट निरखली आणि मग ते इतके मोकळेपणाने हसले की, रांगेतली अनोळखी माणसेही आमच्याशी बोलू लागली. पुढच्या माणसाची पाळी येईपर्यंत ते तिथून हलायला तयार नव्हते, आणि त्याला काहीही न सांगता ते शेजारी उभे राहिले.

अशा जागांना 'पर्यटकांसाठी केलेले नाटक' म्हणून मोडीत काढणारे लोक मला भेटले आहेत. त्यांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही, आणि त्याचे कारण या गावाच्या इतिहासात आहे. शिकागोपासून लॉस एंजेलिसच्या दिशेने जाणारा रूट ६६ हा १९२६ साली अस्तित्वात आला आणि सेलिग्मनसारखी अनेक गावे त्या रहदारीवर जगली. २२ सप्टेंबर १९७८ रोजी गावाला वळसा घालून जाणारा इंटरस्टेट सुरू झाला आणि मुख्य रस्त्यावरची वर्दळ एकाएकी थांबली. १९८५ साली तर रूट ६६ हे नावच अधिकृत महामार्गांच्या यादीतून काढून टाकण्यात आले. हुआन यांचे धाकटे बंधू एंजल हे गावचे न्हावी. त्यांनी हार न मानता १९८७ साली समविचारी लोकांना जमवून ॲरिझोनातील रूट ६६ साठी संघटना उभी केली, आणि त्याच वर्षी राज्य सरकारने सेलिग्मन ते किंगमन या पट्ट्याला ऐतिहासिक मार्गाचा दर्जा दिला. गाव वाचवण्याचे श्रेय एंजल यांना मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु गावात वळलेला माणूस घटकाभर रेंगाळावा, याची तजवीज हुआन यांच्या थट्टेने केली, असे मला मनापासून वाटते. घाईत असलेल्या माणसाला फसवी मूठ आपसूक थांबवते, आणि एकदा हसलेला माणूस लगेच गाडीत जाऊन बसत नाही. हुआन २००४ साली निवर्तले. त्यानंतर त्यांच्या मुलांनी ही जागा तशीच चालू ठेवली, थट्टेसकट.

खाण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर मिल्कशेक दाट होता, फ्राइज गरम होत्या आणि अंगणातल्या बाकांवर बसून ते संपवताना आम्हाला कसलीही घाई नव्हती. हिवाळ्यात हे दुकान बंद असते, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. शिवाय तेथून परत इंटरस्टेटवर न येता पीच स्प्रिंग्ज आणि हॅकबेरीवरून जाणाऱ्या जुन्या रस्त्यानेच किंगमन गाठावे. वेळ जास्त लागतो, पण रूट ६६ चा इतका लांब सलग पट्टा इतरत्र सहसा पाहायला मिळत नाही.