बामणोलीला जाताय? मे महिन्यात म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका

"गाडीतून उतरायचं आणि बोटीत बसायचं, सत्तरीच्या माणसांनाही झेपेल." सहल ठरवून देणाऱ्याने आमच्या सोसायटीच्या मंडळींना हे असंच सांगितलं होतं. दिवाळीनंतर ते खरं असेल. मे महिन्यात धादांत खोटं आहे.

बामणोली हे सातारा जिल्ह्यातलं, कासच्या पुढचं गाव. तिथलं पाणी म्हणजे शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. पूर्ण भरला की 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाणी. पावसाळा संपल्यापासून वीज आणि शेतीसाठी पाणी सुटत राहतं आणि उन्हाळ्यात काठ खाली खाली सरकतो. त्यामुळे रस्ता संपतो तिथे बोट नसतेच. ती खाली दूरवर दिसते आणि मधला उतार आपण उतरायचा असतो.

वरचा भाग सुट्या दगडांचा, तो काठी टेकत जमतो. पुढे भेगाळलेला गाळ लागतो. पाण्याजवळची शेवटची काही पावलं सगळ्यात वाईट, कारण वरून पापुद्रा वाळलेला दिसतो आणि खाली चिखल ओलाच असतो. आमच्यातल्या एका काकूंचा पाय घोट्यापर्यंत रुतला, चप्पल आतच राहिली. बोटीवरच्या दोन पोरांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना बाहेर काढलं आणि फळीवरून आत घेतलं. पोरं चांगली होती, म्हणून निभावलं. परतताना तोच चढ, भर दुपारी, सावलीला एक झाड नाही. दोघांना मध्येच खाली बसावं लागलं. गुडघ्याचं किंवा दम्याचं दुखणं असलेल्या कोणालाही या दिवसांत तिथे आणू नये, मग कोणी कितीही भरवसा देवो.

दुसरी गोष्ट पैशांची. फोनवर सांगितलेलं भाडं 'पूर्ण बोटीचं' आहे असं आम्ही धरून चाललो होतो. काठावर कळलं की ते फक्त तीन नद्यांच्या संगमापर्यंतचं. पुढचं ठिकाण वेगळं, थांबायचा वेळ वेगळा, आणि मध्यस्थाचा वाटा त्यात आधीच धरलेला. रस्त्यात गाडी अडवून "बोट पाहिजे का" विचारणाऱ्याशी बोलूच नका. थेट तिकीट खिडकीवर जा आणि तोंडावर विचारा: कुठपर्यंत, जाऊन-येऊन की एकेरी, किती वेळ थांबणार, माणसं किती. पावती हातात आल्याशिवाय खाली उतरू नका. सुट्टीच्या दिवशी पलीकडच्या वासोटा किल्ल्यावर जाणारे ट्रेकर पहाटेच बोटी धरतात, त्यामुळे उशिरा पोचणाऱ्याला भाव करायला जागाच राहत नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचंच, आणि लहान मुलांच्या मापाचं आहे का हे आधी बघायचं.

बोट सुटल्यावर मात्र सगळा वैताग गेला, हेही सांगायलाच हवं. वारा गार, दोन्हीकडे सह्याद्रीचे डोंगर, आणि कोयना, सोळशी, कांदाटी या तिन्ही नद्यांचं पाणी एकत्र येतं तिथे इंजिन बंद केलं तर कोणी बोलेना. उघड्या पडलेल्या काठावर जुन्या शेतांचे बांध दिसत होते. धरणाखाली गेलेल्या गावांची ती जमीन. केवळ यासाठी मी पुन्हा जाईन, पण डिसेंबरात.

वाटेतल्या कास पठाराबद्दल मे महिन्यात सांगण्यासारखं काही नाही. फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर असतात आणि तेव्हा तिथे आधी ऑनलाइन बुकिंग लागतं. साताऱ्याहून येताना लागणारा यवतेश्वरचा घाट सोपा आहे. कासच्या पुढे रस्ता अरुंद होतो, मोठी बस आणू नका, टेंपो ट्रॅव्हलर पुरे.

डिझेल आणि रोख पैसे साताऱ्यातच घ्या. मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर यूपीआयवर राहू नका. झुणका-भाकरी हवी असेल तर पोचल्या पोचल्या माणसं मोजून सांगून ठेवा, नाहीतर बोटीतून आल्यावर उपाशी ताटकळाल. पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट हवेत. आणि निघण्याआधी बोटवाल्याला फोन करून विचारा, पाणी रस्त्यापासून किती खाली आहे. "थोडंसं चालायचं" असं उत्तर आलं तर ज्येष्ठांसाठी वेगळा बेत आखा. वाईला कृष्णेच्या घाटावर गाडी जवळपर्यंत जाते, आणि तिथून मेणवली गावही जवळच आहे.