आमची वाटचाल : वाइंडिंगच्या दुकानातून

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावी पत्र्याच्या शेडमध्ये नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जळालेल्या मोटरींना नवी तार भरायचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. वार्निशचा वास आणि केळीवाल्यांची घाई. पाणी चुकलं की बागेला झळ बसते, म्हणून ज्याला त्याला मोटर संध्याकाळपर्यंतच हवी. "नाना, मोटर व्हयनी का?" नाना मेगर, म्हणजे करंट कुठे गळतो का ते तपासायचं यंत्र, लावल्याशिवाय मोटर हलू देत नसत.

शेतावर गेले की आधी स्टार्टरच्या लोखंडी पेटीला अर्थिंग आहे का ते बघत. नसलं तर मजुरी न घेता खड्डा करून कोळसा-मीठ भरत. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते, खड्डा सुकतो, अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणून निघताना सांगायचे, "बादलीभर पाणी टाकत जा रे, भाऊ."

मी डिप्लोमा करून आलो आणि करंट गळला की लाइन तोडणारे ब्रेकर लावायला लागलो. यामागे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांचं आयुष्यभराचं काम आहे. किती करंटला माणसाची मूठ सुटत नाही, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर. साठ वॅटच्या बल्बमधून वाहतो त्याचा जेमतेम सोळावा हिस्सा! १९६१ साली त्यांनी थोड्याशा गळतीवरही सप्लाय तोडणारं यंत्र बनवलं. आमचा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर त्याच तत्त्वावर चालतो. गेलेला आणि परतलेला करंट जुळला नाही की लाइन पडते.

एकदा एक गिऱ्हाईक तणतणत आलं. "भाऊ, तुमचा डबा काढा. रात्रीतून तीनदा पडला." रात्रीची लाइट, पाणी भरायचं राहिलेलं, त्यांचा राग खराच होता. विहिरीवर गेलो, मेन स्विच पाडला, टॉर्च धरून केबल चाचपत निघालो. काठाच्या दगडावर घासून एका जागी तांबं उघडं पडलेलं, लोखंडी पाइपाला टेकलेलं. तोच पाइप धरून त्यांचा मुलगा रोज विहिरीत वाकून पाणी बघायचा. मी तुकडा कापून हातात दिला. ते काही बोलले नाहीत, खिशात टाकून घरी घेऊन गेले.

आज आमच्याकडे चार कारागीर आहेत. ब्रेकर नको म्हणणाऱ्याला आम्ही पेटी देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांना फोन करतो, ब्रेकरचं टेस्टचं बटण दाबलं का म्हणून. नाना आता काम करत नाहीत, पण सकाळी दुकानात येतात. आधी मागच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात, मग खुर्चीत बसतात.