'तुरा' या शब्दाची नोंद करताना

नाशिक जिल्ह्याच्या रोजच्या बोलण्यातले शब्द गोळा करायचं काम आम्ही काही जण हौसेनं करतो. अर्थ, वापराची वाक्यं, बोलणाऱ्याचा तालुका आणि धंदा एवढं लिहिलं की एक नोंद होते. माझ्याकडे 'त' आला आणि त्यातला 'तुरा' सगळ्यात जास्त वेळ घेऊन गेला. असं काम कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल, म्हणून ही नोंद कशी झाली ते लिहिते.

सुरुवात कोशांपासून केली. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात बसून जुने कोश चाळण्याचं सुख वेगळंच आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात निघालेला महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. पागोट्यावर खोचायचा पिसांचा किंवा मोत्यांचा झुबका, फुलांचा लहान गुच्छ, पक्ष्याच्या डोक्यावरची शेंडी, पिकाचा फुलोरा अशी अर्थांची जुळणी इथवर होते. शब्द मुळात अरबी 'तुर्रा'. तिकडे त्याचा अर्थ कपाळावर आलेली केसांची बट, कापडाची किनार. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि थेट पगडीवर चढला. 'वर तुर्रा असा की...' हे आपण म्हणतो त्यात त्याचं जुनं रूप तसंच राहिलं आहे.

पुढचं काम माणसांकडे जाऊन करायचं. इथे एक गोष्ट लवकर लक्षात आली. 'तुरा म्हणजे काय हो?' असं विचारलं की जो तो शाळेतलं उत्तर देतो: शिरपेचातला मानाचा तुरा. त्यामुळे वस्तू समोर असताना विचारावं आणि नंतर गप्प बसून ऐकावं.

लग्नसराईत फेटे बांधणाऱ्या एका भाऊंकडे गेले. कापड आठेक मीटर लांब. बांधून झाल्यावर चुण्या घालून पंख्यासारखं वर उभं केलेलं टोक म्हणजे तुरा, आणि पाठीवर सोडलेलं टोक म्हणजे शेमला. म्हणजे आज नवरदेवाच्या डोक्यावर जो तुरा दिसतो त्यात पीस नाही की मोती नाही, फेट्याचंच कापड तुरा झालं आहे. कोशातल्या अर्थापासून हा अर्थ सुटा करून लिहायला हवा होता, तसा लिहिला.

फुलांच्या तुऱ्याला फार वेळ लागला नाही. सत्कारातले 'हारतुरे' सगळ्यांना माहीत आहेत, पण त्या जोडशब्दाबाहेर आता जो तो 'बुके' म्हणतो.

खरा ऐवज निफाडकडे मिळाला. उसाच्या बांधावर उभे असलेले एक काका म्हणाले, "तुरा आला म्हंजी ऊस थांबला, ताई." चार शब्दांत त्यांनी शास्त्र सांगितलं. पावसाळा सरत येतो, दिवस साडेबारा तासांच्या आसपास येतो, तेव्हा उसाच्या शेंड्यात फुलोऱ्याची घडण सुरू होते. पुढे थंडीच्या तोंडाशी रुपेरी तुरे बाहेर पडतात. वाढीचा कोंबच फुलोरा झाला, त्यामुळे उंची तिथेच संपते. दीड-दोन महिन्यांत तोड मिळाली तर निभावतं. ऊस तसाच उभा राहिला तर कांड्यांना पांगशा म्हणजे बाजूचे कोंब फुटतात, आत दशी पडते म्हणजे गाभा पोकळ होतो, वजन आणि साखर दोन्ही उतरतात. रस्त्यावरून जाणारे लोक त्या तुऱ्यांपुढे उभे राहून फोटो काढतात, आणि मालक तोडीची वाट बघत असतो. हे कुठल्याही कोशात एका ओळीत बसत नाही, म्हणून मी त्याला पूर्ण परिच्छेद दिला आणि त्यासाठी गटात भांडले. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं, तिथल्या संकराचं सगळं काम मात्र या तुऱ्यावरच चालतं. 'को ८६०३२' सारखे आपल्याकडचे वाण अशाच कामातून आले. तुरा आलाच नाही तर संकर करायचा कशाचा?

येवला-मालेगावकडे मक्याच्या रानात तोच शब्द ऐकला, पण चेहरे अगदी निराळे. मक्याचा तुरा म्हणजे नरफूल. त्यातला पराग खालच्या कणसाच्या केसांवर पडला तर दाणा भरणार. तुरा नीट निघाला म्हटलं की घरात समाधान असतं. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये तर मादी ओळींचे तुरे पराग सांडायच्या आत उपटावे लागतात. एक ताई सकाळी निघताना "तुरे काढाया चालले" म्हणाल्या, ते वाक्य तसंच्या तसं नोंदीत आहे.

मग 'कलगी-तुरा'. वर्तमानपत्रात दोन पुढाऱ्यांची बाचाबाची झाली की कलगीतुरा रंगतो. हा वापर आता रूढ झाला आहे, तो नाकारून चालणार नाही. पण मूळ परंपरा ऐकल्यावर मला तो फार तोकडा वाटू लागला. एका वयस्कर शाहिरांनी मोठ्या प्रेमानं समजावून दिलं: तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला थोर मानणार, कलगीवाले शक्तीला, मायेला. सवाल टाकायचा, समोरच्यानं कवनातूनच उत्तर द्यायचं, रात्र रात्र डफावर हे चालायचं. पगडीवरचे दोन दागिने दोन दर्शनांची नावं झाली. कोकणात याच परंपरेला 'शक्ती-तुरा' म्हणतात. नोंदीत मी आधी हा अर्थ दिला, भांडणाचा त्याखाली.

पक्ष्यांसाठी नांदूर मधमेश्वरला गेले. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथला हा पाणथळ पट्टा २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरला. मोराचा तुरा डोक्यावर असतो, तो लांडोरीलाही असतो. नाचताना फुलतो तो पिसारा, त्याला तुरा म्हणू नये, हे तिथे पक्कं करून घेतलं. रातबगळ्याच्या मानेमागून निघणारी लांब पांढरी पिसं दुर्बिणीतून बघताना मन भरून आलं. विणीच्या काळातल्या बगळ्यांच्या अशाच पिसांसाठी युरोपात टोप्या सजवण्याचं वेड होतं, आणि त्यापायी इथले बगळे मारले जात. १९०२ मध्ये ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. ही माहिती 'तुरा' शब्दाची नाही म्हणून नोंदीत घातली नाही, पण वाचल्यापासून ती मनातून जात नाही.

शेवटी क्रमाचा प्रश्न आला. गटातले एक सर म्हणाले, पगडीवरचा अर्थ पहिला द्या, कारण शब्द तिथून आला. माझं म्हणणं, या जिल्ह्यात तुरा सगळ्यात जास्त शेतात बोलला जातो, तर शेत पहिलं. बरीच चर्चा झाली. व्युत्पत्ती शीर्षशब्दालगत द्यायची आणि अर्थ मात्र वापराच्या क्रमानं लावायचे, यावर सगळे राजी झाले. त्यामुळे आमच्या नोंदीत 'तुरा आला' हे वाक्य एकापाठोपाठ दोनदा आहे: मक्याखाली 'पीक धरतंय' या अर्थानं, आणि उसाखाली 'आता तोड लवकर हवी' या अर्थानं.