तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला समुपदेशक बाईच हवी का?

अत्याचार झालेल्या मुलीसाठी समुपदेशक बाईच हवी ना, हे पालक विचारतात, शिक्षक विचारतात. पोलीस तर गृहीतच धरतात. त्याला कारण आहे. 2012 च्या पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याप्रमाणे मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची आणि मुलांचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. पण समुपदेशन महिनोन्‌महिने चालतं. तिथे तपासणीचा नियम लावून भागत नाही.

मुलग्यांचा तर विचारच होत नाही. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत 52.94 टक्के मुलगे होते. तरी "मुलगा आहे, सर बघतील" म्हणून त्याला पुरुषासमोर बसवतात, अत्याचार करणारा पुरुष असला तरी.

मुलगी असो की मुलगा, त्या मुलालाच विचारा, हे माझं उत्तर. घोळ होतो तो विचारण्यात. आई शेजारी असताना "ताई चालतील ना?" म्हटलं की मूल मान हलवतं, ते आईसाठी. म्हणून आईला बाहेर बसवायचं. एक बाई, एक पुरुष अशा दोन्ही समुपदेशकांशी दहा-दहा मिनिटं नुसती भेट घालून द्यायची. चित्रं काढू दे, गप्पा मारू दे, घटनेबद्दल अवाक्षर नको. मग तिसऱ्याच माणसाने विचारायचं, "पुढच्या वेळी कुणाकडे बसशील? दोघंही नको म्हटलंस तरी चालेल. नंतर बदलताही येईल." तिसऱ्याने अशासाठी, की मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची या मुलांना धास्ती असते. मूल गप्प राहिलं तर थांबायचं. तीन-चार भेटींनंतर पुन्हा विचारायचं.

उत्तरं अनपेक्षित येतात. कधी अडचण दाढीची असते, तंबाखूच्या वासाची किंवा "काका" या हाकेची. "तूच काहीतरी केलं असशील" असं आईने म्हटलेलं असेल, तर मुलीला बाईच नको होते.

नाही, मी पुरुषांची वकिली करत नाही. दाराला काच हवी, मुलाची खुर्ची दाराजवळ हवी, पाठीवरून हात फिरवणं बंद. काही मुलं मांडीवर येऊन बसतात, कारण मायेची किंमत अशीच द्यायची असते हे त्यांना शिकवलं गेलेलं असतं. तेव्हा दचकायचं नाही, रागवायचं नाही. "आपण शेजारी-शेजारी बसू" म्हणायचं, त्याच दिवशी नोंद करायची आणि वरिष्ठांना सांगायचं. हे जमत नसेल तर मुलाने निवडलेला समुपदेशकही नको. बाईलाही हेच लागू.

अडतं ते पुढे. मुलगी म्हणते सर, बाप म्हणतो बाई. बापाने पुढच्या भेटीला आणलंच नाही, तर तिची निवड कागदावर राहते. मग बाईंकडे सुरुवात करून द्यावी, की बापाला समजावण्यात आठवडे जाऊ द्यावेत? मी दोन्ही बाजूंनी वाद घालू शकते आणि दोन्हीकडे हरते.